गाडी उभी राहिली त्या दुपारी

नाशिक रोड सोडून गाडी मनमाडकडे निघाली की मध्ये लहान लहान स्टेशनं लागतात. त्यांतल्या एका स्टेशनामागच्या वस्तीत मी वाढले. जलद गाडीतून जाणाऱ्याला आमचं स्टेशन नीट दिसतही नाही. पिवळी पाटी येते, तिच्यावरची अक्षरं जुळवेपर्यंत मागे पडते, आणि खिडकीत पुन्हा द्राक्षांचे मळे सुरू होतात.

इमारत काळ्या दगडाची, इंग्रजांच्या वेळची. वर कौलं होती, ती काढून आता पत्रे टाकलेत. एका अंगाला मास्तरांची खोली, दुसऱ्या अंगाला तिकिटाची खिडकी आणि मध्ये वेटिंग हॉल. फलाटाच्या टोकाला उंच लोखंडी खांबांवर पाण्याची मोठी टाकी होती. धुराची इंजिनं होती तेव्हा ती इथे पाणी भरून घ्यायला थांबत, असं वडील सांगायचे; त्यांनीही ते अगदी लहानपणीच पाहिलेलं. माझ्या आठवणीत टाकी गंजलेलीच आहे आणि तिच्यावर कबुतरं बसलेली आहेत. पण गाव वाढलं ते तिच्यामुळे. इंजिन पाण्यासाठी थांबायचं, म्हणून माल चढायला-उतरायला लागला. माल आला म्हणून हमाल आले, गाडीवान आले, चहाचं दुकान आलं. माझ्या लहानपणीही हंगामात मालधक्क्यावर कांद्यासाठी वॅगनी लागायच्या आणि सगळ्या वस्तीला आठवडेच्या आठवडे कांद्याचा वास यायचा.

गाडी मागच्या स्टेशनवरून सुटली की पोर्टर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके द्यायचा. ते ऐकून माणसं घरातून निघायची आणि तरी त्यांना गाडी मिळायची. सकाळची पॅसेंजर नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जाणाऱ्यांची, दूधवाल्यांची, कॉलेजच्या पोरापोरींची. संध्याकाळची तीच माणसं परत आणायची. गावाची वेळ त्या दोन गाड्यांवर चालायची.

वडील रेल्वेच्या गँगवर होते. रूळ तपासायचे, खडी भरायची, उन्हात रुळांची जोडणी ढिली करायची, थंडीत आवळायची. पण ते हंगामी होते. कायम होणार होणार असं घरात बोललं जायचं, आणि तेवढ्यात ते काविळीनं गेले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. कायम नसल्यामुळे पेन्शन नाही, आईला त्यांच्या जागी नोकरीही नाही. आई मळ्यात मजुरीला जाऊ लागली.

तेव्हाचे स्टेशन मास्तर वयस्कर होते, वडिलांना ओळखायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी आईला बोलावून घेतलं. उन्हाळ्यापुरता फलाटावर पाणी द्यायला माणूस ठेवायचे, ती जागा रिकामी होती. करशील का, असं त्यांनी विचारलं. आईला विचारायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तिनं तिथल्या तिथेच हो म्हटलं.

फलाटावर एक पाणपोई होती. पत्र्याची खोपी, आत ओल्या गोणपाटानं गुंडाळलेले रांजण. आई विहिरीचं पाणी ओढून ते भरायची आणि गाडी आली की लांब तोटीची झारी घेऊन खिडक्यांखालून चालत जायची. आमचा फलाट तेव्हा अगदी बुटका. खिडकीपर्यंत झारी पोचवायला तिला हात डोक्यावर न्यावे लागत. वरून पेले यायचे, बाटल्या यायच्या, नुसत्या ओंजळीही यायच्या. गाडी हलली तरी चार पावलं बरोबर पळत ती कुणाचा तरी पेला पुरा भरायची.

आमची वस्ती कोणाची हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीतल्यांना ठाऊक नसायचं, पण काहींना विचारायचं असायचं. शाळेला सुट्टी असली की मी पाणपोईत बसायचे, त्यामुळे एक प्रसंग मी स्वतः ऐकला. एका जरीकाठी लुगड्यातल्या बाईंनी पेला बाहेर काढला, मग अर्ध्यात थांबवला आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

आई म्हणाली, "रेल्वेची."

बाईंनी झारीकडे पाहिलं. मग त्यांनी पेला पुढे केला. आईनं तो भरला आणि पुढच्या खिडकीकडे गेली. काहीजण पेला आत ओढून घ्यायचे, तेव्हाही ती तशीच पुढच्या खिडकीकडे जायची. घरी आल्यावर त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. रांजण गळतोय, झारीची तोटी हलते, असलंच बोलणं.

काही वर्षांनी ती सफाईच्या कामावर कायम झाली. आम्हाला रेल्वेच्या क्वार्टरचं पक्कं छप्पर आणि महिन्याचा पगार मिळाला. मी सकाळच्या पॅसेंजरनं नाशिक रोडला जाऊन शिकले, डी. एड. केलं आणि तिथल्याच एका शाळेत शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत, आणि त्याचं दुःखही नाही. आई निवृत्त झाली तेव्हा आम्ही रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या. मी सकाळी गाडीनं जायचे, संध्याकाळी गाडीनं यायचे. आयुष्य असंच जाईल असं मी धरून चालले होते.

मग कोरोना आला आणि गाड्या बंद झाल्या. बंद झाल्या तशा सुरूही होतील असं वाटलं. सुरू झाल्या, पण आमच्याकडे थांबेनात. लांबच्या गाड्या पूर्वीही थांबत नव्हत्या. आता पॅसेंजरही धडधडत निघून जायची. तिकिटाची खिडकी बंद झाली. रुळाचा टांगलेला तुकडा केव्हाच काढून नेला होता. फलाट मात्र मधल्या काळात नवा, उंच, फरशीचा केला होता, आणि त्या चकचकीत फलाटावर शेळ्या बसू लागल्या. मास्तर असायचे, कारण सिग्नल नि क्रॉसिंग त्यांच्याच हातात.

मी काही महिने जीपनं नि मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून हमरस्त्यापर्यंत, तिथून बसनं, असं केलं. पाठ गेली. शेवटी नाशिक रोडला एक खोली घेतली आणि शनिवार-रविवार घरी येऊ लागले. आईला चल म्हटलं तर ती येईना. तिला तिथे करमत नाही म्हणायची. खरं म्हणजे मला तिच्याशिवाय करमत नव्हतं. तिचे गुडघे गेलेले, रक्तदाब वाढलेला. फोन उचलायला तिला उशीर झाला की मी पुन्हा पुन्हा लावत राहायचे. शाळेत फळ्यावर लिहितानाही मध्येच वाटायचं, आता ती एकटी न्हाणीघरात गेली असेल, ओल्यावर पाय घसरला तर.

ज्या दुपारचं सांगायचं आहे ती त्याच काळातली. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. ऊन असं की दारातली चप्पल पायाला चटका देत होती. आम्ही जेवून आडव्या झालो होतो. मुंबईकडून एक लांबची गाडी आली, तिचा वेग कमी होत गेल्याचं ऐकू आलं आणि ती थांबली. क्रॉसिंगसाठी गाड्या कधी कधी थांबतात, त्यामुळे मी कूस बदलली. आई मात्र उठून बसली. बराच वेळ ती तशीच कानोसा घेत बसली होती.

मग म्हणाली, "गाडी उभी हाय. लय येळ झाला."

मी म्हटलं, सुटेल. ती उठली आणि ओसरीतल्या पिंपावरचं झाकण काढून आत बघू लागली. ग्रामपंचायतीचं पाणी उन्हाळ्यात दिवसाआड येतं. त्या दिवशी येणार नव्हतं, जे होतं ते दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायचं होतं. तिनं दोन हंडे भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मी तिच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलले. तोवर ती हंडा उचलून दारात पोचली होती.

फलाटावर गेलो तर माणसंच माणसं. उत्तरेकडे जाणारी गाडी, सुट्टीला गावी निघालेले कामगार, त्यांची बायकापोरं. पुढे मनमाडच्या बाजूला विजेची वरची तार तुटली होती आणि गाडी फलाटालगतच्या बाजूच्या रुळावर, लूप लाइनवर, घेऊन ठेवली होती. पंखे बंद, डब्यातलं पाणी संपलेलं. एसीचे डबेही तापले होते, पण पुढच्या जनरल डब्यांतून बाहेर येणारी माणसं बघवत नव्हती. फलाटावरच्या एका नळाला माणसांचा गराडा पडला होता आणि नळ फुसफुसत होता.

मास्तर तिशीचे असतील, बिहारकडचे. दोन-तीन वर्षांत मराठी बरंच शिकले होते. दोन फोन दोन कानांना लावून ते खोलीत उभे होते. आम्हाला बघून बाहेर आले. काम लगेच होणार नाही, दोन तास लागतील, जास्तही लागतील, असं त्यांनी सांगितलं. तालुक्याला टँकरसाठी फोन केला होता. मग आईकडे वळून म्हणाले, "मावशी, तोपर्यंत कसं करायचं?"

आईनं हंडा खाली ठेवला आणि मला म्हणाली, वस्तीत जा, घरटी एक हंडा सांग.

मी वस्तीत गेले. सांगायला फार लागलं नाही. सगळ्यांनी गाडीचा थांबलेला आवाज ऐकला होताच. आमच्याकडे पाणी म्हणजे जपून ठेवायची गोष्ट, तरी बाया हंडे, कळशा, बादल्या, जार घेऊन निघाल्या. रुळापलीकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं लग्नकार्याला लागणारा पिण्याच्या पाण्याचा टँकर ट्रॅक्टरला जोडून पाठवला. मी परत आले तेव्हा आई जनरल डब्याच्या खिडकीखाली होती. फलाट उंच झाल्यामुळे तिला आता हात वर करावे लागत नव्हते. खिडकी समोरासमोर होती. ती तांब्यानं पाणी ओतत होती आणि लोक ओंजळीनं पीत होते. कोणी काहीही विचारत नव्हतं. मला ते उगाचच फार बरं वाटलं.

तेवढ्यात शेवटून दुसऱ्या डब्यातून एक तरुण पोरगा ओरडत आला. त्याची बायको बोलत नव्हती. आई तिकडे गेली, मी तिच्यामागे. डब्यात शिरणं अवघड होतं, माणसांनीच त्या मुलीला हातांहातांवरून दारापर्यंत आणलं. वीस-एकवीसची पोर, आठवा महिना सरत आलेला. अंग तापलेलं, डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नाही. बरोबर नवरा आणि सासू. माहेरी बाळंतपणाला निघाली होती.

आम्ही तिला वेटिंग हॉलमध्ये नेलं. फरशी त्यातल्या त्यात गार होती. आईनं आपला पदर भिजवला आणि तिच्या मानेखाली, काखेत, कपाळावर ठेवत राहिली. बायकांनी भोवती साडी धरून आडोसा केला, दोघी वारा घालत होत्या. सासू भिंतीला टेकून सुनेला हाका मारत होती. मी १०८ला फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती, यायला वेळ लागणार होता. त्या मुलीच्या पोटावर माझा हात होता आणि आत काही हालचाल लागते का ते मी शोधत होते. मला काही लागत नव्हतं. माझ्या स्वतःच्या काळजाचे ठोके मात्र बोटांच्या टोकापर्यंत येत होते.

आमच्या शेजाऱ्याकडे कांदा वाहायचा पिकअप होता. त्यानं तो विचारायच्या आधीच स्टेशनच्या दाराशी आणून लावला. मागे गोधड्या टाकल्या. मुलीला आत ठेवलं, नवरा चढला, मी चढले; सासू गाडीतल्या सामानासाठी मागे राहिली. आई खालीच उभी राहिली.

मी म्हटलं, "आई, तू चल. मला यातलं काही कळत नाही."

ती म्हणाली, "तू जा. हितं अजून माणसं हायेत."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, पण तो इतका लांब मला कधी वाटला नव्हता. बरोबर घेतलेल्या बाटलीतल्या पाण्यानं माझा पदर भिजवून मी तिच्या तोंडावरून फिरवत होते. नवरा तिचे पाय धरून बसला होता आणि एकच विचारत होता, "दीदी, बचेगी ना?" मी हो म्हणत होते. दरवेळी हो म्हणताना मला आपण खोटं बोलतोय असं वाटत होतं. अर्ध्या वाटेवर तिनं मान हलवली आणि पाणी मागितलं. मी बाटलीच्या झाकणानं थोडं थोडं दिलं. ते तिनं गिळलं, तेव्हा मला रडू आलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काही न विचारता आधी सलाईन लावलं, अंगावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला लावल्या आणि मग पोटावर एक छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. नुसती खरखर येत होती. त्यांनी ते थोडं खाली सरकवलं, बाजूला नेलं. पुन्हा खरखर. नवऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. आणि मग एकाएकी धावत्या घोड्यासारखा आवाज सुरू झाला, टबडक, टबडक.

"ऐकताय ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बाळ. चांगलं आहे. आईला उन्हाचा झटका बसलाय, पण वेळेत आणलंत."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. व्हरांड्यात कडुलिंबाची सावली होती, एक कुत्रं निवांत झोपलं होतं. मी बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आईचा फोन लागेना. तो घरी चार्जिंगला असणार. म्हणून मास्तरांना लावला, नंबर गावात सगळ्यांकडे असतोच. त्यांना सांगितलं, दोघंही ठीक आहेत. पुढचं मला आईनं सांगितलं. मास्तर खोलीत गेले आणि त्यांनी स्टेशनचा घोषणांचा भोंगा सुरू केला. गाड्या थांबेनाशा झाल्या तेव्हापासून त्या भोंग्यावर सांगण्यासारखं काही नव्हतंच. नेहमीच्या पद्धतीनं "यात्रीगण कृपया ध्यान दें" असं म्हणून त्यांनी सांगितलं, की ज्या बहिणीला दवाखान्यात नेलं आहे ती आणि तिचं बाळ दोन्ही सुखरूप आहेत. मग टाळ्या सुरू झाल्या आणि डब्या-डब्यांतून पुढे जात राहिल्या. सासू तिथेच खाली बसली आणि आईच्या कमरेला मिठी मारून रडली.

ऊन कलल्यावर तार जोडून झाली. गाडी सुटायच्या आधी मास्तरांनी गार्डला सांगून त्या कुटुंबाचं सामान उतरवून घेतलं. आमच्या वस्तीतली सगळी पिंपं रिकामी झाली होती. ट्रॅक्टरवाल्यानं जाता जाता उरलेलं पाणी घराघरांत वाटलं.

मुलीला दवाखान्यात ठेवून घेतलं, नवरा तिच्याजवळ राहिला. सासूला आई घरी घेऊन आली. मी परतले तेव्हा सासू ओसरीत बसली होती. घरात शिरल्यावर समोरच फळीवर बुद्धाची मूर्ती आहे. तिच्याकडे तिनं एकदा पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. आम्ही कोणाचे ते तिला कळलं असावं; ती उत्तरेकडची, तिच्या घरी आमच्या हातचं चालत नसणार. आईनं ताट वाढलं तर म्हणाली, पोट बरं नाही. सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नव्हतं.

मला राग आला. आईनं माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. मग तिनं पिठाचा डबा, परात, तवा असं सगळं सासूपुढे आणून ठेवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, तुम्ही करा, आम्ही खातो. सासू गोंधळली. पण उठली, हात धुतले आणि चुलीजवळ बसली. जाड जाड रोट्या केल्या, बटाट्याचं भरीत केलं. आम्ही तिघी एकत्र जेवलो. आईनं दोनदा रोटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा करत होती. सासू चुलीपाशी येऊन बसली आणि कप पुढे केला. मी दारात केस विंचरत होते. ती आईला म्हणाली, "बहू आपके हाथ के पानी से बची है. हम भी वही पिएँगे." आईनं चहा गाळून तिच्या कपात ओतला, बशी दिली आणि साखर बघा, असं म्हणाली. त्या दिवशीची भाकरी आईनंच थापली आणि सासूनं खाल्ली. मिरचीचा ठेचा तिला झेपला नाही, तेव्हा दोघी हसल्या.

मुलगी दवाखान्यातून आमच्याकडे आली, काही दिवस राहिली. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाची परवानगी दिल्यावर नवऱ्यानं नवीन तिकिटं काढली. गाडी आमच्या दारावरूनच जाणार होती, पण चढायला नाशिक रोडला जावं लागलं. शेजाऱ्याचा पिकअप पुन्हा कामाला आला. निघताना मुलीनं आईचे पाय धरले. आईला ते आवडत नाही, तिनं तिला अर्ध्यातच उठवलं आणि तिच्या हातात पाण्याची भरलेली कॅन दिली. वाटेत संपली तर मागायला लाजू नको, एवढंच म्हणाली.

आम्ही घरी असताना ती गाडी रोजच्यासारखी धडधडत गेली. कुठल्या डब्यात ते होते कळलं नाही, पण एका खिडकीतून कुणाचा तरी हात हलत होता. आई म्हणाली, तीच. मी म्हटलं, तीच असणार.

पुढचा महिना आई फोन हाताशी घेऊन बसायची. एका दुपारी फोन आला. नवराच बोलत होता आणि इतक्या घाईनं की मला आधी काही कळेना. मुलगी झाली होती, घरी नव्हे, दवाखान्यात, आणि दोघी सुखरूप होत्या. मी आईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. हात थांबवून तिनं डोळे मिटले, मग पुन्हा निवडायला लागली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "सुटली बाई." ती पोर सुटली की काळजीतून आई स्वतः, ते मी विचारलं नाही.

थांबा परत मिळायला त्यानंतर बरेच महिने गेले. त्या दुपारचा नि त्याचा काही संबंध नव्हता. आसपासच्या गावांतली माणसं अर्ज-विनंत्या करत होती, कुणी कुणाला भेटत होतं, बैठका होत होत्या. मीही दोन-तीनदा सह्या केल्या होत्या आणि विसरून गेले होते. एके दिवशी मास्तरांचाच फोन आला. शाळेत मधली सुट्टी होती. सोमवारपासून पॅसेंजरच्या जागी आलेली मेमू सकाळ-संध्याकाळ थांबणार, म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री केली. मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले आणि मुख्याध्यापकबाईंना वाटलं मला चक्कर आली.

खोली सोडायला मला दोन तास लागले नाहीत. गादी, स्टोव्ह, पुस्तकं, एक पंखा. घरमालकीणबाईंनी विचारलं, इतकी घाई कसली? मी म्हटलं, गाडी सुरू झाली. त्यांना त्यात काय एवढं ते समजलं नसावं.

सोमवारी संध्याकाळी मी नाशिक रोडवरून गाडीत बसले. डबा निम्मा रिकामाच होता. सवय मोडलेली, लोकांना अजून भरवसा नव्हता. आमच्या स्टेशनच्या आधी गाडीचा वेग कमी व्हायला लागला, तरी ती खरंच थांबेपर्यंत मी दाराची दांडी घट्ट धरून उभी होते. ती थांबली. मी उतरले, माझ्याबरोबर सहा-सात माणसं उतरली, आणि सगळीच जरा वेळ फलाटावर उगाच उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, चला, झालं एकदाचं.

मी फाटक ओलांडून वस्तीत आले. घराचं दार उघडं होतं, तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. आई पाठमोरी होती. माझी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज तिनं ऐकला, पण वळली नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "हात धू. गरम हाय तवर खाऊन घे."